कुत्रा कुणाकडे बघतोय?

पत्र:

ताई, मी पुण्यात फाइन आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर मी माणसं आणि त्यांचे पाळीव प्राणी यांचे फोटो काढतेय. सोसायटीतल्या कुत्र्यांपासून सुरुवात झाली, मग मांजरं, मासे, पेठेतल्या एका आजींचा पोपट. तिसेक घरं झाली. एप्रिलमध्ये अंतिम प्रदर्शन आहे. आमचे सर म्हणतात, "फोटो गोड आहेत, पण तुझं म्हणणं काय? असे फोटो लोक रोज मोबाइलवर टाकतात." आता मलाही सगळे फोटो सारखेच वाटायला लागलेत. त्यात, ज्या काकूंच्या कुत्रीचे मी सगळ्यात जास्त फोटो काढले, ती कुत्री दिवाळीच्या आधी गेली. त्यांची मुलगी सगळे फोटो मागतेय आणि मला मात्र त्या रिकाम्या घराचे फोटो काढावेसे वाटतायत. असं वाटलं याचीच लाज वाटते. मी आटपाडीकडची. आमच्याकडे खिलार बैलांची जोडी होती, वडिलांनी गेल्या वर्षी विकली. घरचे म्हणतात, पुण्यात जाऊन कुत्र्यामांजरांचे फोटो कसले काढतेस! सोबत बारा फोटो पाठवतेय. विषय सोडून देऊ का?

— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर:

विषय सोडू नकोस. तिसातली बरीचशी घरं मात्र सोडून दे.

तुझे बाराही फोटो मी सावकाश पाहिले. प्रकाश तुला कळतो, खिडकीचा उजेड तू छान वापरतेस. अडचण वेगळीच आहे. बारापैकी बहुतेक फोटोंत माणूस सोफ्यावर, प्राणी त्याच्या कुशीत आणि दोघांची तोंडं तुझ्याकडे. जुन्या स्टुडिओत कुटुंबाचा फोटो काढायचे तीच ही बैठक. 'आम्ही एकमेकांचे आहोत' एवढं ती सांगते आणि सगळ्यांच्या बाबतीत तेच सांगते. लॅब्रॅडॉरच्या जागी मांजर बसलं तरी फोटो बदलत नाही. सरांनी गोडव्यावर बोट ठेवलं, पण गोडवा हा काही दोष नाही. तुझ्या फोटोत त्या दोघांमध्ये काही घडत नाही, हे खरं दुखणं.

सातवा फोटो मी पुन्हा पुन्हा उघडला. बाणेरच्या फ्लॅटमधला तो पिवळसर लॅब्रॅडॉर. मालकीणबाईंचा हात त्याच्या गळ्यात, त्या कॅमेऱ्याकडे बघून हसतायत. कुत्र्याची मान मात्र वळलेली, कान पुढे आलेले, तोंड किंचित उघडं, नजर फोटोच्या बाहेर. खाली तू लिहिलंयस, 'स्वयंपाकाच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे त्याचं लक्ष गेलं. फोटो वाया गेला.'

अगं, तोच तर फोटो आहे. त्या घरात कुत्र्याला सकाळी खाली कोण नेतं? त्याचा भात कोण शिजवतं? पावसात भिजून आला की कोण पुसतं? दुपारी अकरा ते सहा घरात कोण असतं? हे मला माहीत नाही, पण कुत्र्याला माहीत आहे आणि त्याने ते तुला मान वळवून सांगितलंय. कदाचित मावशींना कुत्री आवडतही नसतील. कदाचित त्या त्याला चोरून पोळीचा तुकडा देत असतील. कदाचित त्यांच्या स्वतःच्या घरमालकाने त्यांना मांजरसुद्धा पाळू दिलं नसेल. जाऊन विचार. मालकीणबाईंना उघडं पाडायला जाऊ नकोस, त्यांचंही प्रेम खोटं नाही. रात्री दहाला दमून घरी आल्यावर दारात त्यांचं स्वागत तोच करतो. एका कुत्र्याभोवती त्या घरात दोन वेगवेगळी नाती आहेत. एकाचा पगार होतो, दुसऱ्याचं डॉक्टरचं बिल येतं. एवढ्या एका घरावर तुझं वर्षभराचं काम उभं राहील.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की नातं शोधताना चेहऱ्यांच्या आधी दिनक्रमाकडे बघ. कोण कुणासाठी उठतं, कुणाचा किती वेळ जातो, कुणाचे किती पैसे जातात, घरातलं कुठलं सामान कुणामुळे हललं, कोण कुणाला घाबरतं, कोण कुणावर चिडतं. सोफ्यावरचा ओरखडा, सासूबाई आणि सून यांच्यात मांजरीवरून होणारी कुरबुर, भाड्याचं घर मिळेना म्हणून गावाबाहेर राहायला गेलेलं जोडपं, हे सगळं त्यात येतं. प्रेम त्यातून आपसूक दिसतं, वेगळं दाखवावं लागत नाही.

मियोको इहारा या जपानी छायाचित्रकर्तीचं काम शोधून बघ. तिने आपल्या आजीचे, मिसाओचे, फोटो काही वर्षं काढले. आजी म्हातारपणीही शेतात राबणारी. तिच्याकडे फुकुमारू नावाचं पांढरं मांजर होतं, दोन डोळे दोन रंगांचे. दोघांनाही ऐकू कमी येई. ते पुस्तक 2011 मध्ये आलं आणि जगभर पाहिलं गेलं. ते फोटो गोड आहेत, भरपूर गोड आहेत. पण आजी शेतात असते, भाजी काढते, जेवते, आणि मांजर त्या कामात कुठेतरी असतंच. वर्षं सरतात ती दोघांच्याही अंगावर दिसतात. इहाराला हे जमलं कारण ती एकाच घरात परत परत गेली. तू तिसातल्या बहुतेक घरांत एकेकदाच गेलीस.

म्हणून तीन घरं निवड, फार तर चार. प्रत्येक घरी निरनिराळ्या वेळी जा. पहाटे, दुपारी सगळे झोपलेले असताना, पाहुणे आलेले असताना. लसीच्या दिवशी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात एक सकाळ नुसती बसून काढ, कॅमेरा पिशवीत ठेवून. पोत्यात कोंबडी घेऊन आलेली बाई, शेळीला मांडीशी धरून बसलेला मुलगा आणि गाडीतून पर्शियन मांजर घेऊन उतरलेलं कुटुंब एकाच बाकावर बसलेलं तुला दुसरीकडे कुठे मिळणार? मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं, 19व्या शतकापासून चालत आलेलं जनावरांचं हॉस्पिटल आहे. जुने परळकर त्याला बैलघोड्याचं हॉस्पिटल म्हणतात. त्या काळी शहरात उपचाराला येणारी जनावरं गाडीला जुंपलेली असायची. आज तिथे मुख्यतः घरात झोपणारे प्राणी येतात. शंभर-सव्वाशे वर्षांत शहरातल्या माणसाचं जनावराशी नातं कसं बदललं, ते अशा जागी उभं राहिलं की समोर दिसतं.

आणि इथेच मला तुझ्या बैलांबद्दल बोलायचंय.

पत्रात तू त्यांना एक ओळ दिलीस, तीही घरचे काय म्हणतात हे सांगताना. माझ्या मते तुझ्या प्रकल्पाचा निम्मा भाग त्या ओळीत आहे. सोसायटीतल्या कुत्र्यांचे फोटो पुण्यातला कुणीही काढू शकतो. ज्या घरात बेंदराला बैलांची शिंगं रंगवली, त्यांना पुरणपोळी भरवली, दुष्काळात माणसांच्या आधी छावणीतल्या चाऱ्याचा विचार केला, आणि मग एक दिवस हिशेब जुळेना म्हणून ती जोडी विकली, त्या घरातून तू आलीस. जीव लावणं आणि विकणं एकाच माणसाच्या हातून होतं, हे शहरातल्या तुझ्या प्रेक्षकाला सहज समजणार नाही. तुला ते कुणी समजावून सांगायची गरज नाही. हा फरक तुझ्या कामात यायला हवा. कुठलं नातं खरं आणि कुठलं लटकं, असा निवाडा मात्र करू नकोस. दोन्ही शेजारी ठेव.

पिटर ह्यूगो या दक्षिण आफ्रिकी छायाचित्रकाराने 2005 पासून नायजेरियातल्या काही भटक्या खेळ करणाऱ्यांचे फोटो काढले. साखळीला बांधलेले तरस आणि माकडं घेऊन ती माणसं गावोगाव फिरत, खेळ करत, औषधं विकत. फोटो पाहणारे पुष्कळ जण प्राण्यांच्या हालांबद्दल विचारत. तो प्रश्न रास्तच आहे, पण ती माणसं कशावर जगतात, हे विचारणारे थोडे. आपल्याकडे नंदीबैलवाल्याचा फोटो काढशील तेव्हा हेच होईल. दोन्ही प्रश्न एकाच फोटोत जिवंत राहिले, तर सरांना 'म्हणणं' वेगळं सांगावं लागणार नाही.

वडिलांना फोटोसाठी बसवू नकोस. पौषात तुमच्या आटपाडीजवळच्या खरसुंडीला सिद्धनाथाच्या जत्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो. त्यांना म्हण, मला घेऊन चला. तिथे ते दुसऱ्यांचे बैल कसे बघतात ते तू बघ. कुठल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवतात, कुठे थांबतात, कुठून लगेच पुढे सरकतात. घरी रिकाम्या गोठ्यात आता काय ठेवलंय? मोटारसायकल, खताची पोती की अजून काहीच नाही? घुंगरमाळा, झूल, वेसण विकल्या की ठेवल्या? या गोष्टी घरचे हसतील तरी विचार. मला वाटतं, हसणं थोड्या वेळात थांबेल.

सरांशी बोलताना बचावात जाऊ नकोस. कुत्र्यांवर आयुष्यभराचं काम करणाऱ्या विल्यम वेगमनचं उदाहरण त्यांना ठाऊक असेलच. त्याने 1970च्या दशकात आपल्या वायमरानर जातीच्या कुत्र्याबरोबर फोटो आणि व्हिडिओ केले, त्या कुत्र्याचं नाव मॅन रे होतं. 1982 मध्ये तो कुत्रा गेला, पुढे दुसरी कुत्री आली, आणि ते काम मोठमोठ्या कलासंग्रहालयांनी घेतलं. विषय हलका असल्यामुळे काम हलकं होत नाही. वेगमनचा कुत्रा त्याच्या कामातला भागीदार होता, समोर ठेवलेली वस्तू नव्हता. तुझ्या फोटोंतले प्राणी अजून वस्तू आहेत, आणि सर त्याच जागी अडलेत असं मला वाटतं. त्यांचा प्रश्न कठोर आहे, पण चुकीचा नाही.

आता थोडं तंत्राचं. तुझे बहुतेक फोटो उभं राहून किंवा खुर्चीतून काढलेले आहेत, त्यामुळे प्राणी खाली आणि माणूस वर, असंच दिसतं. जमिनीवर बस, वेळ पडली तर पोटावर झोप. मांजराच्या उंचीवरून माणसाचे पाय, पलंगाखालची धूळ, स्वयंपाकघराच्या ओट्याची कड दिसते. त्याचं घर तेवढंच असतं. काळ्या कुत्र्याचे तुझे दोन्ही फोटो राखाडी आलेत. कॅमेऱ्याचं मीटर समोरच्या गडद रंगाला मध्यम करायला बघतं आणि जास्त उजेड घेतं. तिथे एक्स्पोजर एखाद्या स्टॉपने, म्हणजे आत येणारा उजेड निम्म्याने, कमी कर, पांढऱ्या मांजराला उलट थोडं वाढव. फ्लॅश घरीच ठेव. डोळ्यांत हिरवी चमक येते ती येतेच, शिवाय प्राणी दचकतो आणि पुढचा तासभर तुला दाद देत नाही. पिंजऱ्याच्या गजांमधून फोटो काढायचा तर लेन्स गजांच्या अगदी जवळ नेऊन ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघड, गज विरघळून जातात. पण आधी विचार कर, गज घालवायचे आहेत का? मी ठेवले असते.

प्राण्याला 'नाही' म्हणता येतं, ते ओळखायला शीक. कुत्रा सारखा ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान फिरवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो, शेपटी पायात घेतो. हे दिसलं की कॅमेरा खाली ठेव. तुझ्या चौथ्या फोटोत मुलीने घट्ट कवटाळलेला बीगल नेमका तसाच बघतोय. मुलगी आनंदात आहे, कुत्रा नाही. तो फोटो तू प्रेमाचा म्हणून लावणार असशील तर लावू नकोस.

आजींच्या पोपटाचं मात्र तातडीने लक्षात घे. आपल्याकडचे हिरवे पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी पिंजरे टांगलेले असल्यामुळे बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं, आजींनाही नसेल. त्यांचा चेहरा, वाड्याचं दार आणि तो पोपट एकत्र भिंतीवर लावलास, तर ज्यांनी तुला चहा पाजला त्यांच्या दारात तू अडचण नेऊन उभी करशील. तो फोटो प्रदर्शनात नको आणि मोबाइलवरूनही कुठे टाकू नकोस. आजींना शांतपणे कायदा सांग. घाबरून पिंजरा उघडून पोपट सोडून देऊ नका, हेही सांग. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पक्षी बाहेर तग धरत नाही. पुण्यात बावधनला वन्यप्राण्यांच्या उपचाराचं केंद्र आहे. काय करावं, हे वनविभाग किंवा तिथली माणसं सांगतील. पुढचा निर्णय आजींचा.

परवानगीचा कागद साध्या मराठीत, एका पानाचा कर. फोटो कुठे दिसणार, नाव लिहायचं की नाही, नंतर मन बदललं तर काय, एवढं त्यात असू दे. भाडेकरूंना आवर्जून विचार, घरमालकाला मांजर माहीत आहे का. आणि कुणी 'आमचा एक छान फोटो काढून दे, पैसे देतो' म्हणालं तर सांभाळ. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा होतो. प्रकल्पाचे फोटो आणि पैशाचे फोटो वेगळे ठेव.

शेवटी काकू. हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण यावर घाईने बोलायचं नव्हतं.

रिकाम्या घराचा फोटो काढावासा वाटला यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वर्षभर तू त्या घराकडे डोळे लावून बसलीस, आता तिथली एक जागा मोकळी झाली, तुझं लक्ष तिकडे जाणारच. लाज तेव्हा वाटायला हवी, जेव्हा तू काकूंच्या आधी फोटोकडे धावशील. म्हणून क्रम असा ठेव: मुलीला फोटो दे. सगळे दे, हललेले, अर्धवट, डोळे मिटलेलेसुद्धा. तुला जे वाया गेलेले वाटतात त्यांत त्यांना त्यांची कुत्री जास्त दिसेल. शक्य तेवढे कागदावर छापून दे, नुसती लिंक पाठवू नकोस. काकूंकडे जाताना कॅमेरा नेऊ नकोस. त्या रडल्या तर रडू दे, विषय बदलू नकोस. 'दुसरी आणा' तर मुळीच म्हणू नकोस. हे त्यांना एव्हाना सगळ्यांनी सांगून झालं असेल.

भांडं, पट्टा, साखळी यांचे फोटो मात्र नकोत. कुणाचंही मन आधी तिकडेच जातं, म्हणून ते फोटो कुणाचेही असू शकतात. काकूंचं काय बदललं ते बघ. पहाटे जाग अजून तेव्हाच येते का? येत असेल तर तेवढ्या वेळाचं त्या काय करतात? रोजच्या फेरीत भेटणारे दूधवाले, वॉचमन, कोपऱ्यावरचे निवृत्त गृहस्थ त्यांना कुत्रीच्या नावानेच ओळखत असतील. आता ती सोबत नाही म्हणून काकू त्या रस्त्याने जायच्या थांबल्या आहेत का? एक प्राणी गेला की माणसाच्या ओळखीपाळखीही कितीतरी जातात, आणि त्याबद्दल भेटायला कुणी येत नाही. शेजारी 'कुत्रीच होती ना' म्हणून मोकळे होतात. तुझ्या फोटोतून त्या दुःखाला थोडी जागा मिळाली, तर माझ्या लेखी ते मोठं काम असेल.

शार्लट ड्युमास या डच छायाचित्रकर्तीने 2011 मध्ये एक मालिका केली. 2001च्या अमेरिकेतल्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यांत माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांपैकी जे दहा वर्षांनी हयात होते, अशा पंधरा कुत्र्यांचे ते फोटो आहेत. पांढऱ्या पडलेल्या मिशा, थकलेले डोळे, बाजूला अंगण नाहीतर घराची भिंत. ढिगारे कुठे नाहीत, गणवेश नाहीत. तरीही त्या कुत्र्यांना कुणीतरी दहा वर्षं सांभाळलंय हे प्रत्येक फोटोत कळतं. काकूंच्या कुत्रीचा म्हातारपणीचा एखादा साधा फोटो तुझ्याकडे असेल. ती नुसती पडून आहे, काही करत नाही, असा. तो शोधून बाजूला ठेव.

काकूंनी आपण होऊन 'ये, काढ' म्हटलं, तर काढ. नाही म्हटलं तर त्यांच्या घराचं काहीही एप्रिलमध्ये लावू नकोस. होकार आला तर भिंतीवरचा एक फोटो त्यांना निवडू दे, तुला पटला नाही तरी. फोटोशेजारी दोन ओळी लागतील, त्या त्यांच्याच शब्दांत घे. कुत्रीशी एकट्या असताना काय बोलायच्या, एवढं विचारलंस तरी पुरे.

मोठे मोठे प्रिंट करायच्या मागे लागू नकोस. हातात धरून बघावे लागतील एवढे लहान कर. सोफ्यावरच्या फोटोंपैकी एखादा ठेवायला हरकत नाही, पण तो लॅब्रॅडॉरच्या फोटोला लागून लाव. आणि बाणेरला पुन्हा जाशील तेव्हा मावशींच्या कामाच्या वेळेत जा, आधी त्यांची परवानगी घे, मग मालकीणबाईंची. खरसुंडीहून आलीस की तिथले फोटो पाठव, न निवडता, काढले त्याच क्रमाने.